वीतभर उंची, हातभर मिजास

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराच्या मागोमाग स्वर्गाच्या दारापर्यंत चालत गेलेलं कुत्रं कोणत्या जातीचं होतं, हे व्यासांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण ते डॅशहाउंड नव्हतं, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. डॅशहाउंड असतं तर हिमालयाच्या पहिल्याच चढावर ते खाली बसलं असतं. धर्मराजाने तीनदा "चल बाबा" म्हटल्यावर त्याने मान दुसरीकडे फिरवली असती, आणि मग त्याला काखोटीला मारूनच धर्मराजाला उरलेला रस्ता कापावा लागला असता. वर पोचल्यावर इंद्राने "कुत्र्यांना प्रवेश नाही" असं म्हणायचा अवकाश, ते थेट इंद्राच्या घोट्यावर धावून गेलं असतं. मागे ऐरावत उभा आहे, याचा त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नसता.

दत्तगुरूंच्या पायाशीही चार कुत्री असतात. चौघंही कॅलेंडरभर शांत उभी राहून वर बघतात. त्यांत एखादा डॅशहाउंड असता तर चित्रकाराला तीनच कुत्री दाखवता आली असती. चौथ्याचं फक्त शेपूट दिसलं असतं, कारण उरलेला चौथा औदुंबराच्या मुळाशी जमीन उकरत बसला असता.

डॅशहाउंड मूळचा जर्मनीचा. तिकडे लोक त्याला डाकेल म्हणतात, शिकारी मंडळी टेकेल म्हणतात, आणि त्याच्यासाठी १८८८ साली निघालेला क्लब आजही सुरू आहे. एफसीआय ही आंतरराष्ट्रीय श्वानसंस्था जगातल्या कुत्र्यांची दहा गटांत वाटणी करते. मेंढ्या राखणारे एका गटात, नजरेने शिकार हेरून धावणारे दुसऱ्यात, मांडीवर बसणारे तिसऱ्यात, असं चालतं. चौथ्या गटात मात्र फक्त डॅशहाउंड आहे. एकत्र कुटुंबात कुणाशीच न पटणाऱ्या काकांना माडीवरची वेगळी खोली द्यावी, तसा हा गट आहे. त्या खोलीत तीन प्रकारचे केस (आखूड, लांब आणि तारेसारखे राठ) आणि तीन आकार नांदतात. हे आकार तराजूवर ठरत नाहीत, टेपने छातीचा घेर मोजून ठरतात. शिंप्याचा हा खटाटोप कशासाठी, तर हा कुत्रा कोणत्या बिळात मावेल हे कळावं म्हणून. सर्वांत लहान माप सशाच्या बिळाचं आहे.

इथेच सगळ्या भानगडीचं मूळ आहे. या कुत्र्याचं पिढीजात काम म्हणजे बॅजर नावाच्या प्राण्याच्या बिळात शिरून त्याला कोंडीत पकडणं. बॅजर दहा-बारा किलोचा, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, जमीन फोडणाऱ्या नख्यांचा आणि मुळीच पाहुणचार न करणारा प्राणी. त्याच्या घरात, काळोखात, वळायलाही जागा नाही अशा बोगद्यात, जवळपास तेवढ्याच वजनाच्या कुत्र्याने एकट्याने जायचं. मालक वर फावडं घेऊन उभा. त्याला दिसत काहीच नाही, फक्त जमिनीखालून भुंकणं ऐकू येतं. भुंकणं जिथून येईल तिथे त्याने खणायचं. तोवर खाली काय करायचं, किती पुढे जायचं, कधी मागे सरायचं, हे सगळं कुत्र्याने स्वतःच्या अकलेने ठरवायचं.

आपल्याकडचा कारवानी कुत्रा उघड्या माळावर सशामागे सुटतो तेव्हा तो मालकाला दिसतो आणि मालक त्याला. डॅशहाउंडच्या कामात मालक हा वरच्या मजल्यावरचा मजूर. बिळात शिरल्यावर जो प्रत्येक पावलाला "साहेब, पुढे जाऊ का?" असं विचारत थांबला, त्याचा वंश पुढे वाढला नाही. जो कुणालाच न विचारता आपलं खरं करत राहिला, त्याची पिल्लं लोकांनी मागून नेली. असं कित्येक पिढ्या चाललं. तेव्हा आपण ज्याला हट्टीपणा म्हणतो तो या कुत्र्याचा दोष नाही. ती त्याची नोकरीची पात्रता आहे. भुंकणं, उकरणं, धाडस आणि दुसऱ्याचं न ऐकणं या चार गुणांवर त्याची भरती झाली, आणि चारही गुण त्याने निष्ठेने जपले आहेत.

अशा या भूमिगत अधिकाऱ्याला आपण पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवतो आणि वर "लहान चणीचा आहे, फ्लॅटला बरा" असं सांगतो. चण लहान आहे, यात वाद नाही. पण ती जमिनीपासून वर मोजलेली आहे. नाकापासून शेपटापर्यंत मोजली, तर दिवाणावर दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही.

आमच्याकडे जे आहेत त्यांचं कागदोपत्री नाव ऑस्कर. मुलीने ठेवलेलं. पण पहिल्याच आठवड्यात ते बैठकीच्या खोलीतल्या एकमेव उन्हाच्या कवडशात आडवे झाले आणि झाडू मारणाऱ्या मावशी, वर्तमानपत्र वाचणारा मी आणि पूजेची फुलं घेऊन निघालेली आई अशा तिघांनाही वळसा घालायला लागला. तेव्हा आई म्हणाली, "भाऊसाहेब, जरा पाय आवरता का?" तेव्हापासून ते भाऊसाहेब झाले. त्यांच्याबद्दल एकवचनात बोलण्याची घरात कुणाचीही प्राज्ञा नाही. भाऊसाहेब उठले, भाऊसाहेब जेवले, भाऊसाहेबांनी कुंडी पाडली.

आता चारही गुणांचा घरगुती आविष्कार पाहू.

भुंकण्याचा आवाज जमिनीच्या चार-पाच फूट खालून वर पोचावा असा घडवलेला आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मध्ये माती नसते, त्यामुळे तो आवाज थेट समोरच्या काकांच्या दुपारच्या झोपेत पोचतो. बेल वाजल्यावर तर सगळेच कुत्रे भुंकतात. भाऊसाहेब लिफ्टचं जाळीचं दार आमच्या मजल्यावर सरकलं की सुरू होतात. परवा कुरिअरवाला आला. दाराआडून त्याचा आवाज आला, "काका, आधी कुत्रा बांधा, मग दार उघडा."

"काही करत नाही हो तो."

"नको, नको. मोठा दिसतोय. अल्सेशियन आहे ना?"

मी दार उघडलं. तो दोन पावलं मागे सरकलेला. नजर माझ्या कमरेच्या उंचीवर, तिथून डावीकडे, मग उजवीकडे. कुत्रा कुठेच नाही. मग खालून पुन्हा एकदा ती तोफ उडाली आणि त्याची नजर हळूहळू माझ्या चपलेपर्यंत आली.

"हा?"

त्या एका अक्षरात जो अविश्वास होता, तो भाऊसाहेबांच्या मनाला लागला असावा. त्यांनी त्याच्या बुटाची नाडी सोडवून दाखवली.

उकरण्यासाठी त्यांचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा चांगले रुंद आहेत. बिल्डरने दिलेल्या व्हिट्रिफाइड टाइलवर त्या पंजांचा उपयोग नाही, म्हणून ते गादी उकरतात. निजण्यापूर्वी गादीच्या एकाच ठिकाणी सहा-सात जोरदार फटकारे मारायचे, थांबून हुंगायचं, पुन्हा मारायचे. त्या कापसाखाली बॅजर नाही, हे त्यांना पटवून देणारा अजून कुणी भेटला नाही. बाल्कनीत आईची तुळस आहे. ती आता कठड्याच्या उंचीवर गेली आहे, आणि सकाळी तिला पाणी घालताना आईला टाचा उंचवाव्या लागतात.

उकरून झालं की पांघरुणात शिरायचं. हाही बिळाचाच संस्कार. ऐन मे महिन्यात पंखा पाचवर असताना भाऊसाहेब गोधडीच्या आत, तेही अगदी टोकाला, पायथ्याशी असतात. बाहेरून काही दिसत नाही, कुणाला शंकाही येत नाही. त्यामुळे आमच्याकडे पाहुण्यांना पाणी विचारण्याआधी "बसण्यापूर्वी गोधडी चाचपा" असं सांगण्याची पद्धत पडली आहे. ज्यांनी ती पाळली नाही ते पुन्हा आले, पण उभ्याउभ्याच.

उरला न ऐकण्याचा गुण. याला शास्त्राचा आधार आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांनी कुत्र्यांच्या बुद्धीवर १९९४ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात स्पर्धांमधल्या परीक्षकांची मतं घेऊन आज्ञापालनात कोणती जात कुठे बसते याची यादी केली आहे. पहिला नंबर बॉर्डर कोलीचा. डॅशहाउंड एकोणपन्नासावा. म्हणजे अगदी नापास नाही, काठावर पास. त्या पायरीवरच्या कुत्र्यांना नवी गोष्ट शिकायला पंचवीस ते चाळीस वेळा घोकावी लागते, आणि नंतरही पहिल्या हाकेला ते निम्म्या वेळा ओ देतात. माझा यावर आक्षेप आहे. चाळीस वेळा सांगावं लागतं ते समजत नाही म्हणून, असं परीक्षकांना वाटलं असेल. भाऊसाहेबांना पहिल्याच वेळी समजतं. उरलेल्या एकोणचाळीस वेळा ते प्रस्तावावर विचार करत असतात.

"इकडे या" म्हटलं की ते आधी चेहऱ्याकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात. हात रिकामा असेल तर ते निवांतपणे जांभई देतात. हातात उकडलेल्या चिकनचा चण्याएवढा तुकडा असेल तर ते अशा चपळाईने येतात की मघाशी ऐकू आलं नव्हतं म्हणण्याची सोय राहू नये. शिकवण्याची किल्ली हीच आहे. लहान तुकडा, लहान शिकवणी, दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं, आणि जमल्याबरोबर त्याच क्षणी बक्षीस. ओरडणं, पट्ट्याला हिसका देणं, नाक घासणं हे या प्राण्यावर चालत नाही. ज्याच्या पूर्वजांनी बॅजरच्या थोबाडीत मार खाऊनही माघार घेतली नाही, तो तुमच्या चढलेल्या आवाजाला काय भीक घालणार? फार तर तुम्ही लक्षात राहाल, आणि पुढच्या वेळी तो तुमच्या चपलेची आठवण ठेवेल.

घरात भाऊसाहेब फक्त आईचं ऐकतात, हे मात्र खरं आहे. आईने त्यांचे फाजील लाड कधी केले नाहीत. पण तिचं "नाही" हे सोमवारीही "नाही" असतं आणि गणपतीच्या दिवशीही. बाकी आम्हा तिघांचं "नाही" ताटाशेजारी बसून दोन मिनिटं टक लावून पाहिलं की विरघळतं. भाऊसाहेबांनी आमचा हा अभ्यास पहिल्या महिन्यातच पुरा केला. कोणत्या माणसाचं "नाही" किती वेळ टिकतं याचा पक्का हिशेब त्यांच्याजवळ आहे. माझा सर्वांत कमी. त्यामुळे जेवताना ते माझ्याच खुर्चीशी बसतात, आणि घरातल्यांना वाटतं की त्यांचा माझ्यावर जीव आहे.

ही स्वतंत्र बुद्धी केवळ आमच्याच घरची नाही. छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन १९५७ साली आपला डॅशहाउंड लंप याला घेऊन पिकासोला भेटायला कान शहरी गेला. लंपने घर बघितलं, बाग बघितली, माणूस बघितला आणि तिथेच राहायचं ठरवलं. डंकन एकटा परतला. त्याच वर्षी पिकासोने वेलाझ्केथच्या 'लास मेनिनास' या राजदरबारी चित्रावरून एक मालिकाच रंगवली. मूळ चित्रात पुढ्यात एक धिप्पाड कुत्रा पसरलेला आहे. पिकासोने त्याच्या जागी लंप काढला. स्पेनच्या राजकन्येच्या पायाशी जागा मिळवायला या जातीला तीनशे वर्षं लागली, पण मिळवली ती मोठ्या कुत्र्याला उठवून.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला वाल्डी नावाचा रंगीबेरंगी पट्ट्यांचा डॅशहाउंड शुभचिन्ह म्हणून होता. उन्हाळी ऑलिंपिकचं ते पहिलं अधिकृत शुभचिन्ह. चिकाटी, चिवटपणा आणि चपळाई हे खेळाडूचे गुण त्याच्यात आहेत, असं आयोजकांचं म्हणणं. इथवर ठीक. पण त्यांनी मॅरेथॉनचा मार्गही वाल्डीच्या आकृतीवर आखला. म्हणजे जगभरातले खेळाडू डॅशहाउंडच्या पाठीवरून, पोटावरून आणि शेपटावरून बेचाळीस किलोमीटर धावले. दुसऱ्यांना पळायला लावून आपण जागेवर राहण्याचं इतकं भव्य उदाहरण दुसरं नसेल.

आणि ऑस्ट्रेलियातली व्हॅलरी. मिनिएचर आकाराची, जेमतेम चार किलोची, गळ्यात गुलाबी पट्टा. नोव्हेंबर २०२३ मध्ये कांगारू आयलंडवर मालकांबरोबर तंबूच्या सहलीला गेली आणि पळाली. सगळ्यांनी आशा सोडली. पुढे ती अधूनमधून लोकांच्या नजरेस पडू लागली, पण माणूस जवळ गेला की गुल. स्वयंसेवकांनी मालकिणीच्या वापरलेल्या कपड्याच्या वासाचं आमिष लावून, पिंजरे आणि कॅमेरे मांडून अखेर एप्रिल २०२५ मध्ये तिला पकडलं. ५२९ दिवस ती रानात एकटी होती. साप, उष्मा, पाऊस सगळं तिथे होतं. सापडली तेव्हा तिचं वजन वाढलेलं होतं. ज्यांना अजून वाटतं की हे मांडीवर बसणारं खेळणं आहे, त्यांनी या वाक्यावर जरा थांबावं.

आता थोडं गंभीर होऊन. भाऊसाहेबांच्या हद्दीत शिरणाऱ्याने त्यांच्या दातांचाही विचार करावा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली तीसहून अधिक जातींच्या मालकांकडून माहिती गोळा करून आक्रमकतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांची भीती रॉटवायलर आणि पिट बुलवर. पहिल्या रांगेत निघाला डॅशहाउंड. पाहणीतल्या साधारण पाचांतल्या एकाने परक्या माणसाला चावा घेतला होता किंवा घेऊ पाहिला होता. मोठा कुत्रा चावला की बातमी होते, छोटा चावला की "अगं बाई, किती गोड रागावतो" होतं. तेवढाच फरक. फाटकावर "कुत्र्यापासून सावध रहा" ही पाटी पुण्यात पुष्कळदा निव्वळ साहित्य म्हणून लावलेली असते. डॅशहाउंडवाल्याच्या दारावर ती वस्तुस्थिती असते.

उपाय सोपा आहे, पण तो वेळेत करायला हवा. पिल्लाचे पहिले तीन-चार महिने हे जगाशी ओळख करून घेण्याचे. लसीकरणाचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून सांभाळा, आणि त्या काळात त्याला दाढीवाला माणूस, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, रेनकोट, काठी टेकत चालणारे आजोबा, सायकलची घंटा, कुकरची शिट्टी, दुरून ढोल-ताशा अशा सगळ्यांची हळूहळू, खाऊच्या साथीने ओळख करून द्या. चौथ्या महिन्यापर्यंत ज्याने छत्री पाहिली नाही, त्याच्या लेखी जूनमध्ये रस्त्यावर निघणारा प्रत्येक पुणेकर शत्रूपक्षाचा. मुलांनाही शिकवावं लागतं. तो जेवत असताना, गोधडीत असताना हात घालायचा नाही, शेपूट ओढायचं नाही आणि काही झालं तरी पाठीवर बसायचं नाही.

शी-सूची शिकवणी हा वेगळाच अध्याय. पिल्लाला उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर ठरलेल्या जागी न्यायचं, काम झालं की तिथल्या तिथे शाबासकी द्यायची, चुकलं तर मुकाट्याने पुसून घ्यायचं. इतर जाती यात लवकर पदवीधर होतात. हा मुक्काम लांबवतो. पावसाळ्यात तर विचारू नका. इतर कुत्र्यांना पाऊस वरून लागतो, याला खालूनही लागतो. पोट आणि डबकं यांत चार बोटांचं अंतर. इमारतीच्या दारात उभं राहून भाऊसाहेब आकाशाकडे बघतात, मग माझ्याकडे, मग परत लिफ्टकडे. पाऊस मी लावला आहे आणि मीच तो बंद करावा, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. मी छत्री त्यांच्यावर धरतो आणि स्वतः भिजतो. समोरचे काका गॅलरीतून हे बघतात आणि काही बोलत नाहीत, हे जास्त लागतं.

खाणं हा या कुत्र्याचा धर्म आहे आणि त्यात उपवास नाही. तूप लावलेल्या पोळीचा तुकडा प्रत्येकाने एकेकच दिला, असं प्रत्येकजण शपथेवर सांगतो. बेरीज कुणी करत नाही. वाढलेलं वजन थेट त्या लांब पाठीवर बसतं, म्हणून बेरीज करावी. हाताने चाचपल्यावर फासळ्या लागल्या पाहिजेत आणि वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे. दिसत नसेल तर कुत्रा गुटगुटीत नाही, जाडा आहे. मराठी स्वयंपाकघरातल्या काही गोष्टी त्याच्यासाठी सरळसरळ विष आहेत. कांदा आणि लसूण, मग ती भाजीत असो की कोशिंबिरीत. शिऱ्यातले बेदाणे. मुलांचं चॉकलेट. प्रसाद म्हणून दिलेला शिराही त्याला पोचत नाही, बेदाणे पोचतात.

आणि आता पाठ. इथे विनोद बाजूला ठेवतो. आखूड पाय हे या जातीला एका जनुकाच्या जास्तीच्या प्रतीने दिलेत, हे २००९ साली स्पष्ट झालं. २०१७ साली त्याच जनुकाची आणखी एक प्रत सापडली, आणि तिचा संबंध मणक्यांमधल्या चकत्या अकाली कडक होण्याशी लागला. दर चार-पाच डॅशहाउंडांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा चकतीचा आजार होतो, बहुधा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान. मागचे पाय लटपटणं, पाठ बाक काढून उभं राहणं, सोफ्यावर चढायला अचानक नकार, उचलल्यावर कळवळून ओरडणं, यातलं काहीही दिसलं तर "उद्या बघू" करू नये. जनावरांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला जावं. पाय ओढत असेल तर प्रत्येक तास मोलाचा असतो.

म्हणून डॅशहाउंडच्या घरात काही बदल करावे लागतात. सोफ्याला आणि पलंगाला फळीचा उतार. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या. गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस. जिन्याऐवजी लिफ्ट, आणि लिफ्ट बंद असेल तर कडेवर. उचलायची पद्धतही ठरलेली आहे: एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ सरळ आडवी. पुढच्या पायांच्या बगलेत धरून उभा लोंबकळत उचलायचा नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाला आई हे आधी उशी देऊन शिकवते. उशी नीट उचलता आली तरच भाऊसाहेब मिळतात. भाऊसाहेब ही परीक्षा बाजूला बसून बघतात, आणि उशी पडली की उठून गोधडीत जातात.

पिल्लू घेतानाही थोडं डोळसपणे घ्यावं. आई-बाप दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नये, त्यांच्या पाठीचा इतिहास विचारावा, आणि ठिपकेदार रंगाच्या जोडप्याचं पिल्लू तर घेऊच नये, कारण तशा पिल्लांत आंधळेपणा आणि बहिरेपणाचा धोका मोठा असतो. नीट सांभाळला तर हा प्राणी बारा ते सोळा वर्षं जगतो. चौथीतल्या मुलीच्या हट्टाखातर आणलेला कुत्रा ती नोकरीला लागेपर्यंत घरात असतो आणि मग तो तिचा राहत नाही, तुमचा होतो. हिशेब आधी करावा.

हे सगळं ऐकून झाल्यावर लोक विचारतात, "मग घ्यावा की नको?" मी त्यांना उलट विचारतो, तुम्हाला नक्की काय हवंय? सांगितलं की बसणारा, उठणारा, चेंडू आणून देणारा आणि दिवसभर तुमच्याकडे भक्तिभावाने पाहणारा कुत्रा हवा असेल, तर लॅब्रेडॉर घ्या. तो सुखात राहील, तुम्हीही राहाल. पण ज्याला स्वतःचं म्हणणं आहे, ते तो रोज मांडतो, तुमचं ऐकून घेतो आणि मग सवडीने निर्णय कळवतो, अशा कुणाशी सोळा वर्षं संसार करायची तयारी असेल, तर डॅशहाउंडसारखा सोबती नाही. त्याला हुकूम देऊ नका, वाटाघाटी करा. दर ठरला की तो शब्दाला पक्का असतो. दरवाढही सुचवतो, पण ती रीतसर, ताटाशेजारी बसून.

आमच्या घरात पहिल्यापासून माणसं चार आणि मतं सहा. भाऊसाहेबांचं धरून आता सात झाली. फरक एवढाच, की सातवं अमलात येतं.